परक्या कुंचल्याचा राम

नाशिककर मनुष्यास रामायणाविषयीं एक अकारण मक्तेदारी वाटत असते. अयोध्या दूर, लंका त्याहून दूर. पण पंचवटी मात्र आमच्या दारांत. सीतागुंफेपुढची रांग, काळारामाचा सभामंडप, तपोवनांतील तो गोदा-कपिलेचा संगम, हें सर्व आम्हीं बालपणापासून इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, रामकथेंत कोणी कांहीं नवें सांगूं लागला म्हणजे आमच्या भुंवया आपोआप वर चढतात. गांवाचें नांवच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलें, ही समजूत जेथें मूल शाळेंत जाण्यापूर्वींच ऐकतें, तेथें रामायणाचा टीकाकार घरोघर असणें स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेख अशाच एका घरांतून लिहिला जात आहे. आणि त्यांत टीकेइतकाच कबुलीजबाबाचाही भाग आहे, हें वाचकांस आरंभींच सांगितलेलें बरें.

२४ जानेवारी २०२५ रोजीं 'रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम' हा जपानी चित्रपट भारतांतील चित्रपटगृहांत लागला. हा नटनट्यांचा चित्रपट नव्हे. हातानें काढलेल्या असंख्य चित्रांना गति देऊन केलेला, आजची तरुण मंडळी ज्याला 'ॲनिमे' म्हणतात त्या प्रकारचा हा चित्रपट आहे. आमची कन्या ह्या प्रकाराची मोठी भोक्ती. जादूगार, राक्षस, तलवारबहाद्दर आणि लांब कानांचे दीर्घायुषी वनवासी यांनीं भरलेल्या जपानी मालिका ती रात्र रात्र पाहते. आणि आम्ही तिच्या दारावरून जातां जातां "हीं कार्टूनें पाहण्याचें वय उलटलें तुझें" असें म्हणून आपल्या सुसंस्कृतपणाची पावती आपणच घेतों. ह्या चित्रपटास येण्याचें आम्हीं नाकारलें, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, "बाबा, पुस्तक न वाचतां त्याच्यावर मत देणाऱ्या मुलांना तुम्ही वर्गांत काय म्हणतां?" आम्ही त्यांना काय म्हणतों हें आम्हांस चांगलें ठाऊक होतें, म्हणून आम्हीं निमूटपणें चपला पायांत घातल्या.

पण आमच्या नकाराचें खरें कारण निराळें होतें, आणि तें कन्येस ठाऊक नव्हतें. ह्याच चित्रपटाविरुद्ध आम्हीं बत्तीस वर्षांपूर्वीं एक भाषण केलें होतें. १९९३ च्या जानेवारींत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत तो प्रथम दाखविला गेला. आम्ही त्या वेळीं एम. ए. च्या वर्गांत होतों. अयोध्येंतील डिसेंबर १९९२ च्या घटनेस जेमतेम महिना लोटला होता, वातावरण तापलेलें होतें, आणि परदेशीयांनीं रामाचें कार्टून केल्याची वार्ता वक्तृत्वसभेस आयतीच सांपडली होती. 'आमच्या दैवताचें व्यंगचित्र करण्याचा अधिकार यांना दिला कोणीं?' असा प्रश्न आम्हीं हात उंचावून विचारला आणि टाळ्यांचा गजर मिळविला. चित्रपट आम्हीं पाहिला नव्हता; पाहण्याची गरजही कोणास वाटली नव्हती.

तो इतिहास आज नीट समजून घेतां मान खालीं जाते. युगो साको हे जपानी गृहस्थ प्रयागच्या परिसरांत डॉ. बी. बी. लाल यांनीं केलेल्या उत्खननावर एक माहितीपट करावयास १९८३ च्या सुमारास भारतांत आले. त्या निमित्तानें त्यांना रामकथेची ओळख झाली, आणि जपानी भाषेंत मिळतील तितकीं रामायणें त्यांनीं वाचून काढलीं. रामकथेवर चित्रपट करावयाचा, आणि तो दोन्ही देशांनीं मिळून करावयाचा, असा त्यांचा मानस होता. इकडे आधीं गैरसमज पसरला, मग निषेध झाले, आणि अखेर, रामायण हा नाजूक विषय असून तो कार्टूनच्या रूपानें दाखवितां येणार नाहीं, ह्या कारणास्तव सरकारी सहकार्यही मिळालें नाहीं. तेव्हां साकोंनीं तो जपानांतच केला. सुमारें ४५० कलावंत त्यासाठीं खपले. कोइची सासाकी आणि आपल्या मुंबईचे राम मोहन हे त्यांचे सहदिग्दर्शक. राम मोहन हे १९५६ पासून फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागांत घडलेले कलावंत. संगीत वनराज भाटिया यांचें. संस्कृत गीतें मराठी नाटकें हिंदींत नेणारे वसंत देव यांचीं. धोतर कसें नेसतात, वडिलांच्या पायां कसें पडतात, हें इकडील कलावंतांनीं तिकडच्यांना शिकविलें. आमच्या भाषणांतला तो 'परका' हात असा होता.

त्या भाषणांतले आक्षेप दोन होते. पहिला असा कीं, रामायण हा रेखाटून हलविण्याचा विषय नव्हे. ह्या आक्षेपाच्या मुळाशीं आमच्या मतें केवळ एका शब्दाची गफलत आहे. आपल्याकडे 'कार्टून' म्हटलें कीं मूषक-मार्जारांची पळापळ किंवा वर्तमानपत्रांतील पुढाऱ्यांची थट्टा डोळ्यांपुढें येते. जपानांत मात्र रेखाटलेलें चलच्चित्र हें विनोदाचें राखीव कुरण नसून करुण, वीर, अद्भुत अशा सर्व रसांचें वाहन आहे. आणि खरें पाहतां आपल्याकडेंही तें तसेंच होतें. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवचे ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्र पुढें धरून, वाद्यांच्या साथीनें रामकथा गात आले आहेत. त्या चित्रांतील रामास कोणीं व्यंगचित्र म्हटलें नाहीं. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं स्वतः काढलेल्या चित्रांचें रामायण १९१६ सालीं प्रसिद्ध केलें. तेंही लोकांनीं आदरानें घरांत ठेवलें. चित्राला गति देण्याचें म्हणाल तर त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या आणि नाशिकांत देह ठेवलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ च्या सुमारासच 'अगकाड्यांची मौज' ह्या पटांत आगपेटींतील काड्या एकेक करून हलविल्या व त्यांना जिवंत केलें. म्हणजे रामकथेचीं चित्रें आमचीं, चित्रांना चालविण्याची आरंभींची खटपटही आमच्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या माणसाची. आणि दोहोंचा मेळ कोणीं टोकियोंत घातला तर तो मात्र अधर्म!

साको म्हणत असत कीं, राम हा देव असल्यानें नटापेक्षां रेखाटनांतच तो अधिक चांगला उतरेल. हें मत प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें, पण चित्रपट पाहतांना त्यांतील मर्म आम्हांस उमगलें. फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहनां'त अण्णा साळुंके यांनीं राम व सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. १९८७-८८ सालीं दूरदर्शनवर रामायण लागलें, तेव्हां रस्ते ओस पडत. ह्या दोहोंचें यश प्रेक्षकांच्या भक्तीचें होतें. भक्ति जेथें ढिली पडे तेथें मुकुटाचा पुठ्ठा आणि आकाशांत एकमेकांस भिडणारे बाण दिसूं लागत. छायाचित्रांतला वृक्ष खरा असतो, म्हणून त्याच्याखालीं उभा असलेला दशमुखी पुरुष खोटा ठरतो. रेखाटलेल्या जगांत हा भेदच नाहीं. जेथें पानही कुंचल्याचें, ढगही कुंचल्याचा आणि राक्षसही कुंचल्याचाच, तेथें सर्वांची सत्यता एकाच तोलाची होते. अद्भुतरसाला अशीच भूमि लागते. एवढी साधी गोष्ट आम्हीं काव्यशास्त्र शिकवीत असूनही आमच्या लक्षांत आली नव्हती, ती कुंभकर्ण उठून उभा राहिला तेव्हां आली. त्याचें तें अजस्र शरीर पाहतांना सभागृहांतील एकही मूल हंसलें नाहीं. आमच्या शेजारच्या लहानग्यानें तर आईचा हात घट्ट धरला.

चित्रपटाचे इतर गुणही लहान नाहींत. पार्श्वभूमीचीं चित्रें अत्यंत कष्टानें काढलेलीं आहेत. राजवाडे, अरण्यें, समुद्र हे केवळ पडदे न राहतां कथेचे भागीदार होतात. रावण हा नुसता गडगडाटी हंसणारा खलपुरुष नाहीं. त्याच्यांत राजाचा डौल आहे, आणि मिल्टनच्या सैतानाप्रमाणेंच त्याच्या अहंकारालाही एक प्रकारची उंची आहे. युद्धकांडांत जयाचा आनंद आहे पण रक्ताची चटक नाहीं. वसंत देवांचीं संस्कृत गीतें ऐकतांना, परभाषेच्या चित्रपटांत आपण आलों आहों ह्याचा काहीं काळ विसर पडतो. परक्या देशांतील शेंकडों माणसांनीं इतक्या आदरानें आपल्या कथेची सेवा केलेली पाहून कोणाचाही कंठ दाटून यावा.

येथवर स्तुति झाली. आतां दोष सांगितले पाहिजेत, नाहीं तर कबुलीजबाबाचें प्रायश्चित्त होऊन बसेल आणि टीका राहून जाईल.

पहिला दोष घाईचा. १३५ मिनिटांत एवढी कथा कोंबतांना अयोध्याकांडाचा बळी गेला आहे. दशरथाची घालमेल आणि कैकेयीचें मन यांना जितका अवधि हवा तितका मिळत नाहीं. त्यामुळें वनवास हा नियतीचा घाला न वाटतां कथेचा पुढचा मुक्काम वाटतो. दुसरी तक्रार आमच्या गांवाची. चित्रपटांतलें रान हिरवेंगार, दमट, मोहक आहे. पण काळ्या कातळावरून वाहणारी आणि उन्हाळ्यांत अंग चोरणारी आमची गोदावरी त्यांत आम्हांस भेटली नाहीं. शूर्पणखेचा प्रसंग तर, आमच्या गांवाला जिनें नांव दिलें तिच्याविषयीं क्षणभरही न थांबतां, उरकला जातो. आणि २०२५ सालीं हा चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगु व इंग्रजींत आला, मराठींत नाहीं, हें पंचवटीच्या रहिवाशास बोंचल्यावांचून कसें राहील? अर्थात् हा दोष चित्रपटाचा नव्हे.

परंतु सर्वांत मोठा दोष निराळाच आहे, आणि तो कन्येनें दाखविला. बाहेर पडतांना आम्हीं मोठ्या प्रौढीनें तिचें मत विचारलें. ती म्हणाली, "सुंदर आहे, बाबा. पण सीतेला परत आणल्यावर काय झालं तें का नाहीं दाखवलं?" आम्ही स्तब्ध झालों. रावण पडतो, सीता भेटते, सर्वजण अयोध्येस परततात, आणि कथा संपते. अग्निदिव्य नाहीं, उत्तरकांडांतील त्याग तर नाहींच. सीता आरंभापासून शेवटपर्यंत विशाल नेत्रांची, कोमल, सुंदर. पण जो प्रश्न विचारण्यासाठीं ती आपल्या मनांत युगानुयुगें उभी आहे, तो प्रश्न तिच्या मुखांतून उमटण्यापूर्वींच पडदा पडतो.

लहान मुलांसाठीं केलेला चित्रपट, त्यांत हें कशाला, असें कोणी म्हणेल. पण आकाशवाणीच्या पुणें केंद्रावरून १९५५-५६ सालीं माडगूळकर-फडक्यांचें गीतरामायण घरोघर ऐकलें गेलें, तें सुद्धां आजोबा-नातवंडांनीं एकत्र बसूनच. त्या ५६ गीतांत अग्निदिव्य आहे, आणि लक्ष्मणानें वनांत सोडलेल्या सीतेचा आक्रोशही आहे. माडगूळकरांनीं तो टाळला नाहीं, आणि तो ऐकून कोणाची रामभक्ति उणावल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट ज्या घरांत तें गीत लागे तेथें स्वयंपाकघरांतल्या बाया हातांतलें काम थांबवीत, असें आमची आई सांगे. श्रद्धा आणि प्रश्न एका घरांत सुखानें नांदूं शकतात, ह्याचा हा मराठी दाखला आहे.

मग साकोंनीं तो प्रश्न कां टाळला? जपानी कलेला असे प्रश्न झेपत नाहींत म्हणून? ह्याचें उत्तर आम्हांस पुढच्या आठवड्यांत मिळालें. कन्येच्या आग्रहावरून, आणि बरेंचसें लाजेखातर, आम्हीं तिच्या आवडीची 'फ्रीरेन' ही मालिका पाहावयास घेतली. कानेहितो यामादा व त्सुकासा आबे यांच्या चित्रकथेवरून केलेली ही २८ भागांची मालिका २०२३-२४ सालीं जपानांत लागली. तीही अद्भुत जगाचीच. एक वीर, एक धर्मोपदेशक, एक बुटका योद्धा आणि हजारों वर्षें जगणारी फ्रीरेन नांवाची जादूगारीण असे चौघे दहा वर्षें प्रवास करून राक्षसराजाचा वध करतात. पण मालिका ह्या वधानें संपत नाहीं. ती त्या वधानंतर सुरू होते! विजयी वीरांची मिरवणूक निघते, चौघे आपापल्या वाटेनें जातात, फ्रीरेन सहज फिरावयास जावें तशी निघून जाते आणि पन्नास वर्षांनीं परतते. तिच्या लेखीं तो अल्पकाळ. पण तो वीर आतां जख्ख म्हातारा झालेला असतो. लौकरच तो वारतो, आणि त्याच्या अंत्ययात्रेंत ती प्रथमच रडते: दहा वर्षें बरोबर राहूनही आपण ह्या माणसाला ओळखण्याचा यत्न केला नाहीं म्हणून. विजयानंतर काय, जें मिळविलें त्यापायीं काय निसटलें, ज्यानें साथ दिली त्याला आपण न्याय दिला काय, हे प्रश्न ती मालिका भागामागून भाग विचारीत जाते. 'कार्टून' म्हणून ज्याची आम्हीं हेटाळणी केली, त्यांतला हा आशय आमच्या कित्येक गंभीर कादंबऱ्यांस लाजवील असा आहे. आणि आमच्या मनांत आलें कीं, हें तर उत्तरकांडच आहे. राज्याभिषेकानंतरचें दुःख सांगण्याची ताकद त्या कलेंत पुरेपूर आहे.

तेव्हां उणीव कलेची नव्हे. आमचा तर्क असा आहे (आणि तो तर्क म्हणूनच वाचकांनीं घ्यावा) कीं, साकोंच्या कुंचल्याला आम्हींच भित्रा केला. ज्याला उंबरठ्यावरच 'तूं परका, तुला अधिकार नाहीं' असें सुनावलें, तो आंत आला तरी चवड्यांवरच चालणार. घरच्या मुलासारखा तो आजीला 'असें कां ग झालें?' म्हणून विचारूं शकत नाहीं. तो दिलेल्या पाटावर बसतो, वाढलेल्या पानाची स्तुति करतो आणि नमस्कार करून निघतो. ह्या चित्रपटाची सौजन्यशीलता आणि त्याचें मौन हीं एकाच झाडाचीं फळें आहेत, आणि त्या झाडाला पाणी घालणाऱ्यांत आमच्या भाषणाचीही एक ओंजळ आहे. त्यांतला सर्वांत मोठा दोष दाखविण्याचा आम्हांस जो अधिकार आहे तो असा लज्जास्पद आहे.

आमचा दुसरा आक्षेप परकेपणाचा होता. त्याचें उत्तर आतां वेगळें द्यावयास नको. राम कोठें कोठें गेला आहे हें सर्वश्रुत आहे: जावेच्या काव्यांत, सयामच्या रामकीयेनांत, आणि बाराव्या शतकांतील 'होबुत्सुशू' ह्या जपानी ग्रंथांतही त्याच्या कथेचें एक रूप सांपडतें. आमच्या गांवाला मात्र ह्याहून जवळचा धडा आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों माणसें काळाराम मंदिराच्या दारीं आलीं, आणि दारें लावून घेण्यांत आलीं. रामाच्या नांवानें रामाच्याच माणसांना अडविलें गेलें. तो लढा पुढें कित्येक वर्षें चालला. दोन्ही गोष्टी एका तराजूंत घालण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं. एकींत माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न होता, दुसरींत एका कलावंताच्या कामाचा. पण 'हा राम आमचा, तुमचा नव्हे' असें म्हणून कडी लावणारें मन दोन्हीकडे एकाच घडणीचें आहे, हें नाशिकांत राहणाऱ्या माणसानें तरी विसरूं नये. कडी लावल्यानें राम आंत सुरक्षित राहतो असें थोडेंच आहे? आंत राहतात ते आपणच.

युगो साको २०१२ सालीं वारले, राम मोहन २०१९ सालीं. हिंदी रूपांत दूरचित्रवाणीवर येऊन ह्या चित्रपटानें आज तिशीपस्तिशींत असलेल्या कित्येकांचें बालपण व्यापलें. पण भारतभर मोठ्या पडद्यावर थाटानें लागलेला तो पाहावयास त्या दोघांपैकीं कोणीही उरलें नव्हतें. क्षमा मागावी तर ती कोणाची, हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीं पडला. शेवटीं घरीं येऊन आम्हीं कन्येस तें १९९३ चें भाषण सांगितलें. ती हंसली नाहीं, हें विशेष. "मग आतां लिहा," एवढेंच म्हणाली. म्हणून हें लिहिलें.

वाचकांनीं हा चित्रपट मुलांसह अवश्य पाहावा. त्यांतल्या चित्रांचा आनंद घ्यावा, कुंभकर्णाला भ्यावें, संस्कृत गीतें ऐकावींत. मात्र पडदा पडल्यावर लगेच दिवे लावून उठूं नये. मुलें सीतेविषयीं विचारतील. साकोंनीं जें पाहुणा म्हणून सांगितलें नाहीं, तें सांगण्याचें काम घरच्या माणसांचें आहे.